येला, जाला, करलं

ज्या मंगळवारी लिफ्टचे मिस्तरी आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत नापास झाले, त्याच संध्याकाळी त्यांची नात दारात टाळ्या पिटत ओरडली, "आबा येला! आबा येला!"

मिस्तरी एका पायातला बूट काढून तसेच उभे राहिले.

"काय म्हणालीस, भिंगरे?"

"आबा येला," पोरीनं ठणकावून सांगितलं आणि स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या. दोन वर्षं दहा महिन्यांची ही पोर एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिचं नावच भिंगरी पडलं होतं.

आतून मिस्तरींची मुलगी ओले हात पुसत आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. नवरा जहाजावर इंजिनात काम करायचा, सहा-सहा महिने पाण्यावर. म्हणून ती पोरीला घेऊन बापाकडेच राहत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"ऐकलंत ना बाबा? आठवडाभर हेच चाललंय. 'बाबा जहाजावर जाला.' 'मी चित्र करलं.' 'दूध गरम होलं.' सहा महिन्यांपूर्वी ही व्यवस्थित 'आला', 'गेला', 'केलं' म्हणायची. माझ्या फोनमध्ये आहे सगळं. पोर पुढे जायच्या ऐवजी मागे चाललीय."

"पोरं बोलतात काहीतरी," मिस्तरी म्हणाले. पण त्या दिवशी 'मागे चाललीय' हे शब्द त्यांना भलतीकडेच लागले होते.

नापास झाल्याचं त्यांनी घरी सांगितलं नाही. चौतीस वर्षं लिफ्टच्या कामात काढलेल्या माणसानं ते सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? जुन्या लिफ्टचा सारा कारभार आवाजावर चालायचा. वरच्या मशीनरूममध्ये पॅनेल उघडून उभं राहिलं की एकेक रिले, म्हणजे विजेचा आपोआप पडणारा खटका, खटखट वाजायचा, आणि कुठला खटका वाजला नाही ते ऐकून मिस्तरी बिघाड सांगायचे. चौतीस वर्षांत त्यांनी एक नियम काढला होता: लिफ्ट अडली की आधी दरवाजा बघा. दरवाजाचा संपर्क नीट जुळला नाही की लिफ्ट जागची हलत नाही. दहातल्या आठ वेळा बिघाड तिथंच सापडायचा. उरलेल्या दोन वेळा त्यांना आठवत नसत.

आता कंपनीनं सगळीकडे नवी यंत्रणा बसवायला घेतली होती. रिले गेले, खटके गेले. एक गप्प बसलेला बोर्ड आणि त्यावर अक्षरं दाखवणारी एवढीशी पट्टी. सगळ्या जुन्या लोकांना प्रशिक्षण केंद्रात सहा आठवडे शिकवलं, आणि शेवटी प्रत्यक्ष परीक्षा. मिस्तरींपुढे एक बंद पडलेली लिफ्ट होती. ते तडक दरवाजाकडे गेले. संपर्क उघडले, पुसले, घासले, पुन्हा बसवले. चाळीस मिनिटं घाम गाळला. लिफ्ट ढिम्म.

"मिस्तरी," प्रशिक्षक बाई हळूच म्हणाली. ती तिशीतली, मोजकं बोलणारी मुलगी होती. "पट्टी बघितलीच नाहीत तुम्ही."

पट्टीवर 'भार' अशी अक्षरं लुकलुकत होती. लिफ्टच्या तळाखालच्या वजनाच्या सेन्सरची वायर सैल होती. रिकाम्या लिफ्टला वाटत होतं आपण गच्च भरलोय. दरवाजाचा काही संबंधच नव्हता.

"महिन्याभरानं पुन्हा घेऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव नव्हती, तरी मिस्तरींना ती ऐकू आली.

शनिवारी मुलीनं भिंगरीला लहान मुलांच्या स्पीच थेरपिस्टकडे नेलं. मिस्तरीही सोबत गेले. खोली छोटी, जमिनीवर गादी, एका टोपलीत खेळणी. थेरपिस्ट बाई थेट जमिनीवर बसली आणि अर्धा तास पोरीशी नुसती खेळली. मुलगी अधूनमधून फोनमधले आवाज ऐकवत होती. जुन्या आवाजात भिंगरी स्वच्छ म्हणत होती, 'बाबा गेला.'

मग थेरपिस्टनं टोपलीतून एक चिंधीचा बाहुला काढला आणि त्याला चमत्कारिक हिसके द्यायला लागली. एकदा खांदा वर, एकदा गुडघा वर.

"बघ, हा टुमतो," ती म्हणाली. "हा रोज टुमतो. काल पण तो असाच... सांग बघू, काल तो काय?"

भिंगरीनं बाहुल्याकडे बघितलं, क्षणभरही न थांबता म्हणाली, "टुमला."

"आणि ही बाहुली रोज झेपकते. काल ती...?"

"झेपकली!"

मिस्तरी खुर्चीच्या कडेला सरकले. "थांबा, थांबा. टुमणं म्हणजे काय?"

"काही नाही. मी आत्ता बनवलं."

"मग हिनं 'टुमला' कुठं ऐकलं?"

"कुठंच नाही," थेरपिस्ट हसली. "तेच तर दाखवायचं होतं. आधी ती 'गेला' हा शब्द अख्खाच्या अख्खा उचलून म्हणत होती. त्याचं 'जा'शी काही नातं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मग तिनं बसला, उठला, पडला, हसला असं शेकडो वेळा ऐकलं, आणि तिच्या ध्यानात आलं की होऊन गेलेल्या गोष्टीला शेवटी 'ला' लागतो. कुणी शिकवलं नाही, तिचं तिनं शोधलं. आता नियम नवा नवा हाती आलाय, तर ती तो सगळीकडे लावून बघणारच. 'ये'ला लावला, 'येला' झालं. 'जा'ला लावला, 'जाला' झालं. ही मागे नाही चालली. हे पुढचं पाऊल आहे, दिसायला तेवढं चुकीचं."

मुलीनं इतका मोठा सुस्कारा सोडला की भिंगरीनं वळून बघितलं.

"मग दुरुस्त कसं करायचं?" तिनं विचारलं.

"करायचंच नाही. ती 'आबा येला' म्हणाली, तर तुम्ही म्हणा, 'हो, आबा आला.' बास. ऐकता ऐकता अपवाद पक्के होतात. काहींचे वर्षात, काहींचे तीन-चार वर्षांत."

मिस्तरींचं समाधान एवढ्यानं होणार नव्हतं. एखादं पेटीबंद यंत्र समोर यावं आणि उघडायची परवानगी नसावी, तशी त्यांची चुळबुळ चालली होती. "पण आत काय होतं? म्हणजे डोक्यात?"

"तिच्या वयात मेंदूतल्या पेशी एकमेकींशी भराभर जोडल्या जातात, लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. ज्या जोडण्या वापरात येतात त्या राहतात, बाकीच्या हळूहळू छाटल्या जातात. ही छाटणी विशीच्या पलीकडेही चालू असते."

"म्हणजे आधी भारंभार वायरिंग घालायचं आणि मग कापत बसायचं? आमच्यात असं केलं तर लायसन्स जाईल."

थेरपिस्ट मनापासून हसली. मिस्तरी मात्र हसले नाहीत. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि मुलीकडे न बघता विचारलं, "आणि एकोणसाठाव्या वर्षी? तेव्हा काय चालू असतं? का नुसती छाटणीच उरते?"

"का हो?"

"मी नापास झालो. मंगळवारी."

"नापास? तुम्ही?" मुलगी जवळजवळ ओरडलीच. "आणि चार दिवस तोंडातून शब्द नाही काढलात?"

मिस्तरींनी सगळं सांगितलं. दरवाजा, चाळीस मिनिटं, पट्टीवरचा 'भार'. थेरपिस्टनं शांतपणे ऐकून घेतलं. पुढचा पेशंट यायला वीस मिनिटं होती. तिनं कपाटातून एक कागद काढला. वर एक ते नऊ आकडे, प्रत्येकाखाली एकेक खूण. खाली नुसत्या आकड्यांच्या रांगा.

"दीड मिनिटात जमतील तेवढ्या खुणा भरा. ही काही तपासणी नाही हं, गंमत म्हणून."

मिस्तरींच्या एकेचाळीस झाल्या. तिनं स्वतःच्या सांगितल्या, त्रेसष्ट. मिस्तरींचा चेहरा पडला. मग तिनं दुसरा कागद घेतला आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारत गेली. निगुतीनं, सव्यापसव्य, अजागळ. मिस्तरी धडाधड सांगत गेले.

"मखलाशी?"

"दुसऱ्याच्या म्हणण्याला आपल्या सोयीचा मुलामा देऊन ते पटवून देणं. आमचे सुपरवायझर रोज करतात."

"या यादीत माझे तीन चुकले होते," थेरपिस्ट म्हणाली. "तुमचा एकही नाही. वेग विशी-तिशीनंतर उतरत जातो, ते खरंय. पण शब्द, अनुभव, माणसांची पारख हे पुष्कळ जणांचं साठी-पासष्टीपर्यंत वाढत राहतं. आणि नवं शिकायची सोय कुठल्याच वयात बंद होत नाही. फक्त तुमच्या वयात माणूस नवी गोष्ट शिकतो ती जुन्यावर टेकून. कधी त्याचा फायदा होतो, कधी त्यानंच घोटाळा होतो."

मिस्तरींनी खुणांचा कागद तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे मी चाळीस मिनिटं 'येला' म्हणत बसलो होतो."

घरी आल्यापासून मिस्तरींना नवंच वेड लागलं. जो भेटेल त्याला ते विचारायचे, "एक माणूस रोज टुमतो. काल त्यानं काय केलं?" दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याला विचारलं, पेपरवाल्याला विचारलं, दुरुस्तीला गेले त्या इमारतीच्या चौकीदाराला विचारलं. सगळे म्हणायचे, "टुमला." मग मिस्तरी खूश होऊन विचारायचे, "कुणी शिकवलं तुम्हाला?" आणि समोरचा माणूस घड्याळात बघायला लागायचा.

घरात एकच व्यक्ती टुमली नाही. मिस्तरींची आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती. सकाळी गोळी घेतली की नाही हे तिला दुपारी सांगता येत नसे, पण चाळीस वर्षांपूर्वी कोण कुणाशी का बोलेनासं झालं ते ती तारखेसकट सांगायची.

"आई, एक माणूस रोज टुमतो..."

"कुठं टुमतो?"

"कुठंही. ते महत्त्वाचं नाही."

"कसं नाही? घरात टुमतो का बाहेर? लग्न झालंय का त्याचं?"

मुलगी हसून हसून पलंगावर लोळली. मिस्तरींनी नाद सोडला. त्यांनी आईला परीक्षेचं सांगितलं, थेरपिस्टचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "या वयात नवीन कसं शिरणार डोक्यात, आई?"

"मी वाचायला शिकले तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते," आई म्हणाली.

मिस्तरींना हे ऐकून ठाऊक होतं. ते तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि दिवसभर घराबाहेर उंडारत होते. आई कशी शिकली हे त्यांनी आजवर कधी विचारलंच नव्हतं. आता खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. "कशी शिकलीस? कुणी शिकवलं?"

"शेजारणीनं अक्षरं दाखवली. पण अक्षरं येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. साबणाच्या डब्यावर काय लिहिलंय ते मी रोज भांडी घासताना बघायची. तोच डबा, तेच शब्द. 'क' ओळखला की 'प'कडे जाईपर्यंत 'क' विसरायचा. मुंग्याच त्या, नुसत्या मुंग्या. सात-आठ महिने गेले असतील. मग एक दिवस दुकानात उभी होते आणि समोरच्या भिंतीवर लिहिलं होतं, 'येथे थुंकू नये.' मी ते वाचायला गेले नव्हते रे. ते आपलं आपणच वाचून झालं." आईनं हात झटकला. "आणि मग ते बंदच होईना. आजतागायत नाही झालं. आता भिंतीकडे बघते तर भिंत दिसायच्या आधी अक्षरं वाचून होतात."

"मुंग्या परत नाही दिसल्या?"

"नाही ना. कधीतरी वाटतं, बघावं एकदा त्या कशा दिसायच्या. पण नाही दिसत."

मिस्तरी त्या दिवशी आईसमोरून बराच वेळ उठले नाहीत. आपल्याच घरात, भांडी घासायच्या जागेवर एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं.

सोमवारी ते प्रशिक्षण केंद्रात गेले.

"मला चालू लिफ्ट द्या," ते प्रशिक्षक बाईला म्हणाले.

"बिघडलेली?"

"नाही, धडधाकट. मला फक्त बसून बघायचंय, ती बरी असताना पट्टीवर काय काय येतं. माझ्या हातात पाना देऊ नका. पाना हातात आला की मी दरवाजाकडे जातो."

तिनं क्षणभर त्यांच्याकडे निरखून बघितलं, मग एक स्टूल आणून दिलं. पुढचे तीन आठवडे मिस्तरी काम सुटल्यावर रोज तासभर त्या स्टुलावर बसत. लिफ्ट वर जाई, खाली येई, पट्टीवर अक्षरं सरकत. पहिला आठवडा सगळं गढूळ होतं. पाठ केलेलं संध्याकाळी असायचं, सकाळी नसायचं. वहीत लिहून घेतलं तरी वही उघडायचं सुचायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट हेरली. दरवाजा लागल्यावर 'तयार' ही अक्षरं यायला दर वेळी सारखाच वेळ लागे, आणि लिफ्टमध्ये कुणी चढलं की त्याआधी वजनाचा आकडा हले.

"ही आधी वजन बघते आणि मग दरवाजाला विचारते!" ते इतक्या जोरात म्हणाले की प्रशिक्षक बाई चहाचा कप घेऊन धावत आली.

"हो. पुस्तकात आहे ते. पान बारा."

"पुस्तकात असेल. मला आत्ता दिसलं."

तिनं स्वतःसाठीही एक स्टूल ओढलं. त्यानंतर ती अधूनमधून येऊन बसायला लागली. जुने रिले कसे वाजायचे ते विचारायची, आणि मिस्तरी तोंडानं आवाज काढून दाखवायचे. तिनं ते आवाज कधी ऐकलेच नव्हते.

घरी भिंगरीचा कारखाना जोरात होता. झुरळ 'मरलं', पणजीनं पाव 'देला', आईनं खेळणं 'घेलं'. मिस्तरी शांतपणे म्हणायचे, "हो, झुरळ मेलं." एकदा ती "आबा आला" म्हणाली, स्वतःच थबकली, संशयानं त्यांच्याकडे बघितलं आणि दुरुस्त केलं, "येला." मिस्तरींना ती दुरुस्ती एवढी आवडली की त्यांनी तिला उचलून छतापर्यंत नेलं.

दुसऱ्या परीक्षेला तीच लिफ्ट होती आणि तीही तशीच अडलेली. मिस्तरींचे पाय आपसूक दरवाजाकडे वळले. ते थांबले. हात खिशात घातले. तीन श्वास मोजले. मग पट्टीकडे बघितलं.

पट्टीवर 'दरवाजा' असं आलं होतं.

मिस्तरींना वाटलं हा फसवायचा डाव आहे. त्यांनी वजनाचा आकडा तपासला, शून्य. ब्रेक तपासला, वीज तपासली, सगळं जागच्या जागी. पुन्हा पट्टी बघितली. दरवाजाच. मग ते दरवाजाकडे गेले, उघडून बघितलं, तर संपर्काच्या खाचेत कागदाचा घडी केलेला तुकडा. त्यांनी तो काढला, लिफ्ट सुरू झाली. अकरा मिनिटं लागली होती.

"मागच्या वेळी मी हे दोन मिनिटांत काढलं असतं," ते म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्ही ते न बघता काढलं असतं," प्रशिक्षक बाई म्हणाली आणि कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं.

त्या दोघांनाही हसू आलं. मिस्तरींनी घरी फोन करून पहिल्यांदा आईलाच सांगितलं. तिनं विचारलं, "कशात पास झालास?" त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि त्यांना त्याचा जराही कंटाळा आला नाही.

वर्ष गेलं. मिस्तरी नव्या लिफ्टवर रुळले. अजूनही अक्षरं त्यांना तरुण पोरांइतकी चटकन आठवत नसत, पण कुठली लिफ्ट कुठल्या वेळी कुरकुर करते हे त्यांना इतरांच्या आधी कळे. भिंगरी साडेतीन वर्षांची होऊन गेली. 'येला' कधी गेला ते कुणाला सांगता आलं नाही. मिस्तरींनी तारीख लिहून ठेवायची ठरवलं होतं, पण शेवटचा 'येला' शेवटचा आहे हे तेव्हा कळणार कसं? 'देला' मात्र अजून अधूनमधून भेटायचा.

एका रविवारी सकाळी मिस्तरींचा चष्मा सापडेना. टेबलावर नाही, खिडकीत नाही, आईच्या उशाशी नाही. भिंगरी कोपऱ्यात कमालीची शांत बसली होती.

"भिंगरे, माझा चष्मा बघितलास?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा विचार करून पुढे म्हणाली, "मांजरानं नेला."

तिच्या फ्रॉकच्या खिशातून चष्म्याची एक दांडी बाहेर आली होती.

मुलगी संतापली. "खोटं बोलतेस? आबांशी? कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही!" मिस्तरी मध्येच म्हणाले. ते टेबलाला धरून उभे होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. "अगं, कुणीच नाही शिकवलं! थांब, तिला रागावू नको. म्हणजे रागव, पण थोडं थांब. हिला कळलंय की चष्मा कुठं आहे ते हिच्या डोक्यात आहे आणि माझ्या नाही. दोन डोकी वेगळी असतात हे कळल्याशिवाय खोटं बोलताच यायचं नाही. मागच्या वर्षी लपंडावात ही नुसते डोळे मिटून घ्यायची आणि समजायची की मी हिला बघू शकत नाही. हो की नाही?"

"बाबा, ती खोटं बोललीय."

"हो ना! आणि मांजर बघ कसं शोधून काढलं. आपल्याकडे मांजर आहे का?"

पणजीनं पलंगावरून विचारलं, "कुणाचं मांजर?"

भिंगरी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आपलं नेमकं चुकलं की जमलं, याचा तिला अंदाज येईना. मिस्तरी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून म्हणाले, "बरं, आता सांग. ते मांजर कुठल्या रंगाचं होतं?"